रेड्याच्या डोक्यावर हात कुणाचा?

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात केलेल्या भाषणावरून)





शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावातनं वीणा निघाली आणि पंढरीला गेली. तवा गावात मोटार नव्हती, लाईट नव्हती. आज शताब्दीच्या मंडपात माईक आहे, वर कॅमेरा फिरतोय. कमिटीतल्या पोरांनी मला विषय दिला. म्हणाली, "महाराज, आता सगळीकडं एआय एआय चाललंय. मशीनला धर्म-अधर्म कळतो का, मशीन न्याय करू शकतं का, यावर बोला."

मी म्हणलं, बाबांनो, मी चौथी शिकलेला माणूस. औताच्या मागं चालायचं आणि वारीत वीणेच्या मागं चालायचं, ह्या दोन विद्या मला येतात. पण विचार केल्यावर वाटलं, मशीन कसं बनवतात ते मला कळत नाही, तरी मशीनपुढं अंगठा घेऊन मी उभा राहिलेलो आहे. त्या रांगेत काय घडतं ते मी बघितलं आहे. तेवढ्या अधिकारावर बोलतो. चुकलं तर माझं, बरं निघालं तर माउलींचं.

माझा नातू बारावीला आहे. एक दिवस मोबाईल घेऊन आला. "आजोबा, ह्याला काहीबी विचारा." मी म्हणलं, विचार, दामाजीपंताचं आख्यान येतं का? पोरानं विचारलं आणि महाराज, काय सांगू, त्या मोबाईलनं सगळं आख्यान सांगितलं. मंगळवेढा आलं, दुष्काळ आला, बिदरचा बादशहा आला. कुठं अडखळलं नाही. मला ते आख्यान बसवायला किती वर्षं गेली, किती रात्री गेल्या! मला घाम फुटला. म्हणलं, आता आपलं काम संपलं.

रात्री झोप लागेना. मग पैठण आठवलं.

पैठण आपल्याला लांब नाही. आपल्या गेवराई तालुक्याच्या कडेनं गोदावरी वाहते, ती ओलांडली की पलीकडं आपेगाव, माउलींच्या वाडवडलांचं गाव, आणि तिथनं पुढं पैठण. त्या पैठणच्या सभेत ज्ञानोबांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि रेडा वेद बोलला. आपण लहानपणापासून ऐकलंय. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे गावी आहे, आपण तिथंही भावानं माथा टेकवतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. वेद रेडा बोलला तरी वेदाचा अर्थ विचारायला रेड्याकडं कुणी गेलं नाही. अर्थ विचारायला लोक ज्ञानोबांकडं गेले. कारण सगळ्यांनी बघितलं होतं, डोक्यावर हात कुणाचा आहे.

आजचं मशीन बोलतं, लिहितं, हिशेब करतं, कधी आपल्यापेक्षा चांगलं करतं. त्याला नावं ठेवू नका. पण ते बोलायला लागलं की आपण पहिला प्रश्न हाच विचारायचा, ह्याच्या डोक्यावर हात कुणाचा? कुणी शिकवलं, कशासाठी शिकवलं, आणि हे चुकलं तर पुढं येऊन उभं कोण राहणार?

आता माझ्यावर गुजरलेली गोष्ट सांगतो. ज्या माउलीची गोष्ट आहे ती समोरच बसलेली आहे. तिला विचारून सांगतोय, नाव मात्र घेणार नाही.

आपल्या दिंडीत ती कित्येक वर्षं पाण्याचा हंडा घेऊन चालली. वारीत तिच्या हातचं पाणी न प्यालेला माणूस ह्या मंडपात सापडायचा नाही. नवरा गेला तेव्हापासून एकटी. तरणी होती तवा उसाच्या फडात कोयता धरला. दसरा-दिवाळी झाली की ट्रकात बसायचं आणि पाडव्याच्या सुमाराला परत यायचं. आपल्या बीड जिल्ह्याला हे सांगायची गरज नाही, इथं घरटी कोयता आहे. कोयत्याची मूठ, उसाचं पाचट, मोळ्या बांधायची वाढी, ह्यांनी हाताची कातडी अशी झाली की बोटावरच्या रेषाच पुसल्या.

तिचं अंत्योदयचं कार्ड. महिन्याला ३५ किलो धान्य. २०१७-१८ पासून कंट्रोलच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं ते तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मी रांगेत होतो, ती माझ्या पुढं होती. तिनं अंगठा लावला. लागला नाही. दुसरं बोट लावलं. पदराला पुसून लावलं, तेल लावून लावलं, सगळी दहा बोटं झाली. दुकानदार म्हणाला, "मावशी, मशीन नाही म्हणतंय, मी काय करू?" मागनं एक जण ओरडला, "अगं सरक की बाजूला, आमाला कामं हायेत." ती बाजूला झाली. पिशवीची घडी घातली आणि भिंतीला टेकून बसली.

मग माझा नंबर आला. माझा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. पावती निघाली. मी धान्य घेतलं आणि जाताना तिला म्हणलं, "मावशी, उद्या या परत, मशीनला काय सांगता येतंय?" असं म्हणून घरी आलो.

रात्री जेवायला बसलो तर आमच्या घरची माणसं म्हणाली, "आवं, तुमी पंचवीस वर्सं दामाजीपंत सांगताव. आज तिथं दामाजीपंत व्हायची पाळी आली तवा तुमी तर पिशवी भरून घरी आलाव."

घास घशाखाली उतरेना, महाराज.

तसाच उठलो. आमच्यातले दहा किलो गहू घेतले आणि तिच्या घरी गेलो. ती माउली काय म्हणाली माहीत आहे? "महाराज, तुमचे गहू नगं मला. माझे कुठं गेले ते इचारा तिथं." आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन दुकानात गेलो, तिथनं चौकशी करत पुढं गेलो. मग कळलं की ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांच्यासाठी नियमातच दुसरी वाट ठेवलेली आहे. आता नव्या मशीनला डोळ्याची बुबुळं बघायचीही सोय आली आहे. म्हणजे वाट होती! पण ती वाट मशीन आपण होऊन सांगत नाही. ती माणसानं माणसासाठी विचारावी लागते, आणि त्या रांगेत आम्ही वीस-पंचवीस जण, त्यातला एकानंही विचारली नाही. पाचव्या दिवशी तिला तिचं धान्य मिळालं. पाच दिवस शेजारणीच्या भाकरीवर काढले.

मी पुष्कळ विचार केला, ह्यात चूक कुणाची? आम्ही सगळे म्हणालो, "मशीन नाही म्हणतंय." आता नीट बघा. मशीन एवढंच म्हणालं की ठसा जुळत नाही. ते खरंच होतं, ठसा जुळत नव्हता. "मावशी, तू रिकामी जा" हे मशीन म्हणालं नाही. ते दुकानदारानं ठरवलं, मागनं ओरडणाऱ्यानं ठरवलं आणि तुमच्यासमोर उभ्या असलेल्या ह्या कीर्तनकारानं ठरवलं. नाव मात्र मशीनचं घेतलं.

आता दामाजीपंत आठवा. पंधराव्या शतकातली गोष्ट. मंगळवेढ्याला सरकारी धान्याची कोठारं, दामाजीपंत त्यांचे अधिकारी, वर बिदरची बादशाही. दुष्काळ पडला, लोक दारात येऊन पडायला लागले. कोठाराला कुलूप आहे आणि हुकूम आहे की उघडायचं नाही. कुलूपसुद्धा मशीनच की! किल्ली लागली तर उघडतं, नाही लागली तर नाही. कुलपाला भूक कळत नाही, त्याचा त्यात दोषही नाही. पण किल्ली दामाजीपंताच्या हातात होती. त्यांनी असं म्हणलं नाही की, "बाबांनो, कुलूप नाही म्हणतंय." त्यांनी कोठार उघडलं, धान्य वाटलं आणि मग पळून गेले नाहीत. पकडून न्यायला माणसं आली तेव्हा मी केलं म्हणून निघाले. माझ्या लेखी धर्माचा निर्णय तो हा. दुसऱ्याची भूक आपल्या पोटात जाणवली पाहिजे, आणि केल्याची झळ सोसायला आपली मान पुढं पाहिजे.

आणि पुढचं ऐका. पांडुरंग विठू महाराचं रूप घेऊन बिदरला गेला, सगळ्या धान्याची किंमत मोजली आणि पावती घेतली. पावती घेतली, बरं का! देवानं हिशेब बुडवला नाही. म्हणून दया करायची म्हणजे हिशेब सोडायचा असं कुणी समजू नका. हिशेबही राहावा आणि माणूसही जगावा, एवढी अक्कल लावायची असते.

ही अक्कल मी लहानपणी बघितली आहे. १९७२ चा दुष्काळ, मी पोरगा होतो. आमची आई खडी फोडायच्या कामावर जायची. एक दिवस तिला ताप भरला, हात उचलेना. हजेरीवाला बाबा मस्टर घेऊन आला. त्यानं गैरहजर लिहिलं असतं तर नियमानं बरोबर होतं, आणि फुकट हजर लिहिलं असतं तर सरकारची चोरी होती. त्यानं बाकीच्या बायांकडं बघितलं. बाया म्हणाल्या, "तिच्या वाटणीची खडी आमी फोडतो." आईला बाभळीखाली बसवलं. संध्याकाळी मोजमाप पुरं भरलं आणि हजेरीही लागली. त्या रात्री आमच्या घरी चूल पेटली ती तेवढ्यावर.

आता कुणी म्हणेल, महाराज, तुम्ही मशीनच्या विरोधात आहात. नाही. खरं ते खरं बोललं पाहिजे. मशीन नव्हतं तेव्हा काय रामराज्य होतं का? रजिस्टरवर खोटे अंगठे उठत होते. मेलेल्या माणसाच्या नावावर रॉकेल आणि साखर उचलल्याच्या गोष्टी आपण ऐकल्यात. पुढाऱ्याच्या माणसाला आधी आणि गरिबाला उरलंसुरलं, हे माणसानंच केलं. मशीनला जात कळत नाही, पावणा-रावळा कळत नाही, ते चहा पीत नाही. माणसाची लबाडी वाढली म्हणून मशीन आणावं लागलं, हे आधी कबूल करू.

पण मशीन खोटं बोलत नाही म्हणून ते सगळं खरं सांगतं असं होत नाही. शेतकऱ्याला हे लवकर कळेल. आपल्याकडं एका महसूल मंडळाला पावसाचं एक यंत्र असतं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की तिथं अतिवृष्टी धरतात. यंत्र बरोबर मोजतं. पण ते जिथं उभं आहे तिथलाच पाऊस मोजतं. ढग काय यंत्राला विचारून फुटतो का? यंत्रापाशी भुरभुर आणि दोन कोसावर कापूस वाहून गेला, असं झालेलं आहे. ते नुकसान कळायला बांधावर येऊन चिखलात पाय घालणारा माणूसच लागतो.

आणि हे फक्त आपल्यासारख्या अडाण्यांच्या मुलखात घडतं असं समजू नका. नेदरलँड म्हणून देश आहे. आपल्या गोठ्यातली काळी-पांढरी एचएफ गाय मूळची त्या मुलखाकडची. शिकलेला, श्रीमंत देश. नातवानं मला तिथली हकीकत वाचून दाखवली. आई-बाप कामाला जातात म्हणून लेकरं सांभाळायच्या खर्चाला तिथलं सरकार पैसे देतं. त्यात लबाडी कोण करतो हे हुडकायला कर खात्यानं कॉम्प्युटर लावला. कुणावर संशय घ्यायचा हे तो ठरवायला लागला. जे परक्या देशातनं येऊन राहिले होते त्यांच्यावर त्याचा संशय जास्त. का, तर त्याला शिकवणाऱ्यांनीच तसं शिकवलं होतं. हजारो आई-बाप लबाड ठरले. घेतलेले पैसे परत करा म्हणून नोटिसा गेल्या. लोक कर्जात बुडाले, संसार मोडले. साहेबांनी कागद बघितला, माणूस बघितला नाही. शेवटी सगळं उघडं पडलं आणि १५ जानेवारी २०२१ ला तिथल्या सगळ्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला.

राजीनामा मंत्र्यांनी दिला, कॉम्प्युटरनं दिला नाही. त्याला देताच येत नाही! त्याला लाज वाटत नाही, रात्री त्याच्या घशात घास अडकत नाही. त्याची बायको त्याला जेवताना बोलत नाही.

परवा नातवाला म्हणलं, आणखी एक विचार त्या मोबाईलला. अंगठा लागत नाही अशा म्हातारीला धान्य द्यावं का? मोबाईल म्हणाला, माणुसकीच्या नात्यानं द्यावं. बरोबर बोलला. पण गंमत बघा, एक मशीन म्हणतं द्यावं, दुसरं मशीन देत नाही, आणि दोघांच्याही पोटात भूक नाही. बोलायला कुणाचं काय जातं? पंचवीस वर्षं मीही गोडच बोलत होतो. मी त्या मोबाईलपेक्षा वेगळा कुठं होतो? पिशवी भरून घरी आलोच होतो. म्हणून मशीनला नाव ठेवताना मला माझीच लाज वाटते.

एकनाथ महाराजांची पालखी पैठणहून निघते आणि आपल्या रायमोह्यावरून, पाटोद्यावरून पंढरीला जाते. त्या नाथांची कावडीची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला चालले होते. वाटेत गाढव पाण्यावाचून तडफडत होतं. नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. आता समजा ती कावड मशीनवर पाठवली असती. हुकूम काय, तर पाणी रामेश्वराला न्यायचं. मशीन एक थेंब न सांडता घेऊन गेलं असतं, नाथांपेक्षा लवकर पोचवलं असतं. वाटेत गाढव आहे हे त्याला दिसलंही असतं. त्याला कुणी सांगितलं की गाढव दिसलं तर पाणी पाज, तर तेही त्यानं केलं असतं. पण उद्या गाढवाच्या जागी कुत्रं असेल, परवा परक्या जातीचं पोर असेल. सगळं आधी लिहून ठेवणारा कोण आहे? नाथांनाही कुणी लिहून दिलं नव्हतं. त्यांनी त्या गाढवात रामेश्वर बघितला. ते बघणं ज्याला आहे त्यानंच ठरवायचं.

तेव्हा कमिटीच्या पोरांनो, तुमच्या प्रश्नाला माझ्या अल्पमतीचं उत्तर असं आहे. मशीन मोजेल, आठवण ठेवेल, चोर हुडकायला मदत करेल, डॉक्टरला रोग दाखवेल. त्याच्याकडून हे सगळं घ्या. पण कुणाच्या तोंडचा घास ठेवायचा की काढायचा, हे शेवटचं ठरवणं माणसाचं राहिलं पाहिजे, आणि त्या ठरवण्याखाली माणसाची सही पाहिजे. ज्याला "माझं चुकलं" म्हणता येत नाही त्याच्या हातात न्याय देऊ नये. मला भय मशीनचं नाही. मशीनच्या मागं लपणाऱ्या माणसाचं भय आहे, आणि तो माणूस मी आरशात बघितला आहे.

वारीतही आता हे आलं आहे. २०२५ च्या आषाढीला पंढरपुरात पोलिसांनी गर्दीवर नजर ठेवायला ड्रोन आणि एआय वापरलं. चांगलं केलं. चेंगराचेंगरी होण्याआधी कळलं आणि एका माउलीचा जीव वाचला तरी ते पुण्यच आहे. पण वरनं बघणाऱ्याला आपण ठिपके दिसतो. चंद्रभागेच्या वाळवंटात एक म्हातारी चक्कर येऊन खाली बसली, तर वर एक ठिपका थांबला एवढंच दिसेल. हंडा घेऊन तिच्यापर्यंत जायला खाली कुणीतरी लागतंच. शंभर वर्षं आपल्या दिंडीनं दुसरं केलं काय? मागं कोण राहिलं ते बघितलं, त्याला हात दिला आणि पुढची पावली टाकली.

शताब्दी झाली म्हणून कमान उभारा, मंडप घाला, पंगती उठवा, सगळं करा. पण मी एक मागणं मागतो. कंट्रोलचं धान्य वाटायच्या दिवसांत आपल्या दिंडीचे दोन टाळकरी आळीपाळीनं दुकानापाशी बसायचे. भांडायचं नाही, दुकानदाराला शिव्या द्यायच्या नाहीत, त्यालाही त्याच्या अडचणी आहेत. ज्याचा अंगठा लागला नाही त्याचं नाव दिंडीच्या वहीत लिहायचं आणि त्याच्यासाठी दुसरी वाट काय आहे ते विचारायचं. त्याचं धान्य त्याच्या घरी पोचेपर्यंत ते नाव खोडायचं नाही. पहिल्या महिन्याची पाळी माझी. माझा अंगठा पहिल्या झटक्यात लागला होता, त्याचं देणं अजून फिटलेलं नाही.

चुकलं-माकलं असेल तर लेकरू समजून पदरात घ्या.

बोला, पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!